सॅव्हेज ११० आणि तिचा ॲक्युट्रिगर: चाप किती हलका ठेवावा?

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. हरणाच्या शिकारीसाठी सॅव्हेज ११० ही रायफल घेत असाल, तर तिचा मूळचा ॲक्युट्रिगर (कंपनीनेच बसवलेला चाप) काढून दुसरा बसवायच्या भानगडीत पडू नका. आहे तोच ठेवा, तो सुटायला तीन पौंडांच्या आसपास ओढ लागेल असा लावा, आणि लावताना हातात मोजे घाला. हिवाळी जाडजूड मोजे, जे नोव्हेंबरात पहाटे मचाणावर घालणार आहात तेच.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये उमेदवारी केली, पुढे पोटापाण्यासाठी विस्कॉन्सिनला आलो आणि इथेही मशीन शॉपमध्येच आहे. त्यामुळे हातात कुठलंही यंत्र आलं की आधी ते उघडून बघायची खोड. रायफलही त्यातून सुटली नाही.

लिहितोय ते इथल्या मंडळींसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं माझं स्पष्ट मत आहे. इथली गोष्ट वेगळी. पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर, आणि राज्याचं खातं दरवर्षी परवाने देऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आणि एक महत्त्वाचं, कारण आपल्यातले निम्मे लोक त्यातच मोडतात: नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असणाऱ्याला बंदूक बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. दुकानात जाण्याआधी वकिलाशी बोला, मित्राशी नव्हे.

आता रायफल. सॅव्हेज ११० हे मॉडेल १९५८ पासून चालत आलेलं. माझी .३०८ विंचेस्टर काडतुसाची आहे, नवीनच घेतली. ही रायफल घ्यायचं मुख्य कारण खरं तर चाप नव्हताच. माझी उंची बेताची. इथल्या बहुतेक रायफलींचा दस्ता सहा फुटी माणसासाठी केलेला असतो. खांद्याला लावला की गाल स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) मागे बराच दूर राहतो. या रायफलीच्या दस्त्यात लांबी आणि गालाखालचा उंचवटा कमी-जास्त करायचे तुकडे सोबत मिळतात. ते बदलून बघितले, स्कोपमध्ये डोळा आपोआप बसला आणि पैसे दिले.

घरी आणल्यावर चाप काट्यावर मोजला. शाळेत प्रयोगशाळेत तानकाटा असायचा, त्याचंच हे बॅटरीवर चालणारं भावंड. हूक चापाच्या मध्यावर लावायचा, नळीच्या रेषेत सरळ मागे ओढायचं, खटका सुटला की पडद्यावर आकडा थांबतो. पाठोपाठच्या ओढींची सरासरीही तोच काढून देतो. माझी चार पौंडांच्या थोडी वर निघाली, म्हणजे साधारण १.९ किलो. त्याहून मला आवडलं ते असं की ओढींमधला फरक जेमतेम एक-दोन औंसांचा होता. टूलरूममधल्या माणसाला आकडा किती यापेक्षा तोच आकडा पुन्हा येतो का, याचं कौतुक जास्त.

ॲक्युट्रिगर काय आहे हे समजायला थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेत एके काळी अपघातांवरून कंपन्यांवर इतके खटले झाले की कारखान्यांनी चाप मुद्दाम जड करून पाठवायला सुरुवात केली. लोक त्याला वैतागून ‘वकिलांचा ट्रिगर’ म्हणायचे. सहा-सात पौंडांचा चाप, वर त्यात सरक. म्हणजे ओढायला लागलं की तो पावसाळ्यात फुगलेल्या कपाटाच्या खणासारखा अडत अडत मागे येणार आणि नेमका कधी सुटेल याचा पत्ता नाही. साडेतीन किलोच्या रायफलीवर पावणेतीन किलोची ओढ लावली की नेम हलणारच. मग माणसं चाप बदलून घ्यायची किंवा स्वतः स्क्रू पिळत बसायची, आणि खरे अपघात तिथेच व्हायचे.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला सॅव्हेजने यावर काढलेला तोडगा हुशारीचा आहे. चापाच्या आत एक पातळ पातं बसवलं. बोट ठेवलं की आधी ते पातं दबतं, मग चाप. पातं दबलेलं नसेल तर सीअर, म्हणजे पिनला ताणून धरणारा आतला तुकडा, सुटला तरी ते त्याला अडवून धरतं आणि पिन काडतुसावर आपटत नाही. एवढीशी गोष्ट, पण तिने आतलं गणितच बदललं. साध्या चापात सीअर आणि त्याचा आधार यांची पकड खोल ठेवावी लागते, नाहीतर रायफल आपटली की बार उडेल. पकड खोल म्हणजे घसरण लांब, घसरण लांब म्हणजे सरक. इथे अडवायला पातं आहे म्हटल्यावर पकड उथळ ठेवायची मोकळीक मिळाली. वजन कमी झालं आणि सुटणंही स्वच्छ झालं. पुढे इतर कंपन्यांनीही पात्याचे चाप काढले.

वजन आणि सरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी आमच्या शॉपमधल्या पोरांना सांगून थकलो. ‘किती पौंडांवर ठेवलाय?’ हा एकच प्रश्न सगळे विचारतात. साडेतीन पौंडांचा स्वच्छ सुटणारा चाप दोन पौंडांच्या खरखरीत चापापेक्षा हाताला हलका लागतो. बोटाला वजन कळतच नाही, हालचाल कळते. दुकानात रायफल हातात घ्याल तेव्हा मालकाची परवानगी घेऊन, चेंबर (काडतुसाची जागा) रिकामा असल्याची स्वतः खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप अगदी सावकाश ओढून बघा. सुटण्याआधी तो सरकताना जाणवला तर वजनाचा आकडा छापील कागदावर कितीही चांगला असो, ती रायफल बाजूला ठेवा.

हलक्या चापाचं वेड कुठून येतं ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे तर नेमबाजीचं बाळकडूच आहे. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हा इथे आम्ही पेढे वाटले. त्या प्रकारच्या रायफलीला चापाच्या किमान वजनाचं बंधनच नाही. वर्षानुवर्षं तालीम केलेलं बोट असतं, चाप शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवला तरी चालतं. पण त्याच खेळाचे नियम १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम मागतात आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सव्वातीन पौंड. शिवाय तिथे जमीन सपाट, हाताला खास मोजा, अंगात जाड जाकीट, समोर कागद, आणि खेळाडूला आज्ञा मिळेपर्यंत बंदूक रिकामी. इथे तुम्ही बर्फातून चालत येता, अंगावर केशरी कोट, धाप लागलेली, बोटं सुन्न, आणि झुडपातून जनावर बाहेर पडतं तेव्हा छातीत ढोल वाजत असतो. क्रीडा नेमबाजाचा आकडा इथे आणणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

ओळखीतल्या एकाने जुनी रायफल विकत घेतली होती, दुसऱ्याच कंपनीची. आधीच्या मालकाने चाप घरी बसून हलका केलेला. ‘बघ काय मस्त सुटतो’ म्हणून त्याने माझ्या हातात दिली. काट्यावर एक पौंडसुद्धा भरेना. आम्ही काडतुसाच्या जागी नकली डमी घातली, सेफ्टी उघडी ठेवली आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) जरा जोरात पुढे ढकलला. बोट चापाच्या जवळही नव्हतं, तरी खटका पडला. रबराच्या पट्टीवर दस्ता हलकेच आपटला, पुन्हा पडला. चाप उघडल्यावर दिसलं की पकडीचा स्क्रू इतका पिळला होता की सीअर जेमतेम काठावर उभा होता, आणि काठही झिजून गोल झालेला. असा काठ भिंगाखाली बघितला की पोटात गोळा येतो. ती रायफल त्याच संध्याकाळी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेली.

ही चाचणी प्रत्येकाने करावी, नवीन रायफल असली तरी. रिकाम्या रायफलीवर, डमी घालून: बोल्ट जोरात बंद करून बघा, दस्ता, कडा सगळीकडून रबरी हातोडीने ठोकून बघा, आणि सेफ्टी लावून चाप घट्ट ओढा, सोडा, मग सेफ्टी उघडा. यातल्या कशानेही खटका पडता कामा नये. शेवटची चाचणी लोक हमखास विसरतात. नावाजलेल्या कारखान्यातूनही चूक निघते: रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या, मे २००६ पासून बनवलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या होत्या. जोडणीच्या वेळी चापात चिकटद्रव्य जास्त गेल्याने काही परिस्थितीत आपोआप बार उडू शकेल, असं कारण कंपनीनेच दिलं होतं.

माझी रायफल या सगळ्यातून पास झाली, अगदी सगळ्यात हलक्या जागेवर ठेवूनसुद्धा. खालची हद्द मॉडेलप्रमाणे दीड ते अडीच पौंड असते, वरची सहा. माझी अडीचची आहे.

मग प्रश्न उरला तो कुठे थांबवायचा. यासाठी मी गॅरेज वापरलं. दरवाजा किंचित उघडा ठेवून थंडी आत घेतली, स्कोप सगळ्यात कमी मोठेपणावर आणला, समोरच्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवला आणि डमी काडतुसावर चाप ओढत बसलो. ही आधी सांगायला हवी होती ती गोष्ट: नेम घराच्या भिंतीवर धरायचा तर काडतुसांचा डबा त्या खोलीत नकोच. आधी उघड्या बोटाने, मग पातळ लोकरी मोज्यात, मग जाड मोज्यात.

उघड्या बोटाने अडीच पौंड म्हणजे चैन. वाटलं आणि सुटला. पातळ मोज्यातही बरा. जाड मोजा घातला आणि सगळी मजा गेली. बोट चाप कुठे आहे हे शोधत असतानाच खटका पडायचा. ठिपक्यावर नेम येण्याआधी! खऱ्या जागी हे झालं तर जनावर जखमी होऊन पळणार, आणि मग रक्ताचे थेंब शोधत बर्फात संध्याकाळपर्यंत फिरा. उलट कारखान्याच्या चार पौंडांवर जाड मोज्यात बोटाला चाप नीट कळत होता, पण उभ्याने नेम धरला की अगदी शेवटच्या क्षणी स्कोपमधला क्रॉस डावीकडे ओढला जायचा. बसून, काठीच्या आधारावर मात्र काही फरक नाही. तीन आणि सव्वातीनच्या मध्ये कुठेतरी दोन्ही तक्रारी मिटल्या. चाप भिंतीला टेकल्यासारखा बोटाला अडतो, तुम्हाला तो अडल्याचं कळतं, आणि मग जरासा दाब वाढवला की सुटतो. किलोत सांगायचं तर १.४ च्या आसपास.

मुलीच्या रायफलीचा चाप मात्र मी चारवर ठेवला आहे आणि तिने तक्रार केली तरी तिथेच ठेवणार आहे. ती अजून नवी आहे. इथे अभ्यासक्रमात चार नियम पाठ करून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते पक्कं करा, आणि बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर. चौथा नियम हाडात मुरायला काही हंगाम जातात. तोपर्यंत तो पाऊण-एक पौंड जास्त असलेला बरा. “बाबा, तुमचा हलका आणि माझा जड का?” याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की तुझं बोट अजून कड्यात लवकर जातं. ती चिडते, पण पुढच्या वेळी बोट बाहेर असतं.

आता ॲक्युट्रिगरच्या उणिवा. पहिली, वजन बदलायचं तर रायफल दस्त्यातून बाहेर काढावी लागते. सोबत एक छोटं खास अवजार येतं, ते स्प्रिंगच्या टोकाला लावून फिरवायचं. कुठल्या बाजूला काय होतं ते पुस्तिकेत चित्रासह आहे. काम सोपं आहे, पण अवजार इतकं बारकं की बाकाखाली पडलं की गेलंच. मी माझं पुस्तिकेलाच चिकटपट्टीने चिकटवून ठेवलंय. परत जोडताना दस्त्याचे स्क्रू अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा, आणि त्यानंतर रेंजवर जाऊन शून्य (नेम धरला तिथेच गोळी लागते ना) पुन्हा तपासल्याशिवाय रानात जाऊ नका. हंगामाच्या आदल्या रात्री चाप बदलणारे महाभाग असतात म्हणून सांगतो.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची. ते पातं बोटाच्या मधोमध दबायला हवं. जाड मोज्यातलं बोट चापाच्या कडेला टेकलं, पातं पुरतं दबलंच नाही आणि चाप ओढला, तर सीअर सुटतो पण पातं त्याला अडवतं. नुसता टक आवाज, बार नाही. मग बोल्टचा दांडा उचलून पुन्हा कॉक करायचा. यंत्र त्याचं काम बरोबरच करतंय, पण समोरचं हरीण काही तुमची वाट बघत थांबत नाही. उपाय दोन. तर्जनीचं टोक उघडं पडेल असा मोजा घ्या, किंवा गॅरेजात मोज्यासह इतका सराव करा की बोट न बघता मध्यावर जाईल. मी पहिला घेतला. पातं बोटाला टोचतं अशीही काहींची तक्रार असते. मला तसं जाणवलं नाही, पण लेथवर घट्टे पडलेल्या बोटाचं मत फार धरू नका.

तिसरी उणीव म्हणावी की नाही ठाऊक नाही, पण सुटल्यानंतरही चाप थोडा आणखी मागे जातो. लक्ष्यभेदाचे शौकीन त्याने हळहळतात. हरणाच्या छातीवर, शंभर-दीडशे यार्डांवर, त्याने काडीचा फरक पडत नाही.

आणि तेल. आपल्याकडे यंत्र म्हटलं की तेलाची बाटली आधी येते. चापाच्या आत तेल ओतू नका. उणे दहाला ते घट्ट होतं, त्यात धूळ आणि बारीक कचरा बसतो, आणि सीअर पुरता परत जागेवर येत नाही. स्वच्छ करा, कोरडा ठेवा.

तीन जागांची सेफ्टी अंगठ्याखाली, दस्त्याच्या मागच्या बाजूला आहे. मधल्या जागेवर ठेवली की सेफ्टी लागलेली असतानाच बोल्ट उघडता येतो, म्हणजे मचाणावरून उतरण्याआधी काडतूस काढताना चाप बंदच राहतो. मला ही सोय चापाच्या वजनाइतकीच मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

दुसऱ्या पर्यायांबद्दल थोडक्यात. फिनलंडची टिका टी३एक्स पैसे जास्त घेते, पण तिचा चाप हातात घेतल्या घेतल्या आवडतो. दोन ते चार पौंड, आणि वजनाच्या स्क्रूपर्यंत मॅगझिनच्या जागेतून ॲलन की जाते, दस्ता काढावा लागत नाही. खिसा परवानगी देत असेल तर मी कुणाला अडवणार नाही. रुगर अमेरिकनला तीन ते पाच पौंडांचा पात्याचाच चाप येतो, किंमत कमी, सुटणं सॅव्हेजइतकं स्वच्छ मला वाटलं नाही. जुनी रेमिंग्टन ७०० वडिलोपार्जित मिळाली असेल आणि तिचा मूळ चाप बदलायचा असेल तर टिमनी किंवा ट्रिगरटेकचा तयार संच घ्या, दोन्ही दीड ते चार पौंडांत लावता येतात, आणि बसवायचं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याला द्या. सॅव्हेजवर असा संच बसवायला मात्र दीड-दोनशे डॉलर घालवू नका. त्या पैशांत काडतुसं घ्या आणि ऑक्टोबरात रेंजवर जा.

एक तारा कमी देतोय तो अवजारासाठी आणि मोज्यातल्या त्या पात्यासाठी. पाचपैकी चार. नवख्याने चारवर, थोडा सराव असलेल्याने साडेतीनवर सुरुवात करावी. तीनच्या खाली मोज्यातल्या हाताने जायला माझा विरोध आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. गेल्या हंगामातल्या हरणाचा आमच्या हिने तांबडा रस्सा केला, निम्मं मांस शॉपमधल्या पोरांनी डब्यातून पळवलं, आणि आता त्यातलाच एकजण सॅव्हेज घेतोय. त्याला तानकाटा उसना दिला आहे, परत मिळाला तर बरं.